भोपळा शाबूत पोचला!

इंदूर ते टोरांटो, मध्ये दिल्लीला विमान बदलायचं आणि सोबत आईचा मिरजेचा तानपुरा. निघताना पोटात गोळाच आला होता. पण पोचला, भोपळ्याला तडा नाही.

राजवाड्यामागचे दुरुस्तीवाले काका, पहिले आभार तुमचे. चारही तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पार ढिल्या नको, नाहीतर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, जागची हलेल, हे तुम्ही बजावलंत. घोडीच्या कडेनं पेन्सिलीची खूण केलीत, जवारीचं सूत, म्हणजे तारा झणझणाव्यात म्हणून त्यांच्याखाली घोडीवर सरकवतात तो दोरा, काढून पुडीत बांधून दिलंत, गळ्याभोवती जुन्या लुगड्याच्या घड्या ठासल्यात. "मोडतो तो इथंच," म्हणालात. पैसे घेतले नाहीत, हे मात्र बरं केलं नाहीत.

रामबागेतल्या वहिनी, तानपुऱ्यासाठी दिलेली तुमची फायबरची पेटी परत येतेय. एक कडी तुटलीय, माफ करा.

आणि दिल्लीत पेटी पट्ट्यावर न आपटता दोघांनी हातानं उचलून नेणारे लोडरदादा! नावं विचारायची राहिली.

इथे पोचल्यावर पेटी एक दिवस तशीच बंद ठेवली, लाकूड खोलीत रुळू दिलं, मग तारा चढवल्या. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार अजून उतरतेय.