कोयनेच्या बदल्यातली जमीन

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर मी तुला नको ते बोललो. "फौजेत दहा वर्षं झाली, चार वर्षांची मुदतवाढ मिळतेय, ती घे आणि गप्प राहा," असं म्हणून फोन ठेवला. त्या रात्री तुझी आई माझ्याशी बोलली नाही, आणि मलाही झोप लागली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

तू म्हणालास, फौज सोडून आजोबांच्या सोलापूरकडच्या जमिनीवर जाणार, डाळिंब लावणार, पुढे पॅकिंगचं युनिट काढणार. गावची माणसं पंचायत समितीला उभं राहा म्हणतात, तेही डोक्यात आहे. राग आला तो त्या जमिनीचं नाव काढलंस म्हणून.

ती जमीन तू सातबाऱ्यावर पाहिलीस. मी नऊ वर्षांचा असताना तुझ्या आजोबांबरोबर जाऊन पाहिली. आपलं कोयनाकाठचं भाताचं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच्या बदल्यात मिळालेली ती. एसटीतून उतरून दीड तास चाललो. आजोबांनी वाकून मूठभर मुरूम उचलला, बोटांनी चोळून पाहिला, टाकून दिला, आणि डोक्यावरची टोपी काढून तिला हात पुसले. टोपीला हात पुसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. परतताना एक शब्द बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात मुंबईला जाऊन गिरणीत लागले.

झोप येईना म्हणून रविवारी रात्री कॅप्टन गोपीनाथांचं आत्मचरित्र पुन्हा काढलं. एअर डेक्कन ही स्वस्त विमानसेवा काढणारे म्हणून तू त्यांना ओळखतोस. मला ते आठवतात धरणग्रस्त म्हणून. कर्नाटकात हासन जिल्ह्यातल्या गोरूरचं त्यांचं घराणं. शिक्षण विजापूरच्या सैनिक शाळेत, मग खडकवासल्याची एनडीए, फौजी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. 1971 चं युद्ध पाहिलं आणि आठेक वर्षांत कॅप्टन असतानाच राजीनामा दिला. तिशीही गाठली नव्हती. इकडे हेमावतीवरच्या धरणात वडिलोपार्जित जमीन गेलेली, आणि बदल्यात जावगलजवळ मिळालेली जमीन अशीच, माळरान. रस्ता नाही, वीज नाही, पाणी लांब.

या माणसाने तिथे तंबू ठोकला आणि राहायला लागला. बाळा, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आजोबांना तंबू ठोकता आला नाही. त्यांच्यामागे पाच खाणारी तोंडं होती आणि हातात काही नव्हतं. त्यांना दोष देऊ नकोस. पण तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नव्हतं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

पुढचं तू वाचशीलच. नारळ लावले, दुभती जनावरं, कोंबड्या, केळी, सगळं करून पाहिलं आणि बरंचसं बुडालं. शेवटी रेशमाने हात दिला. रासायनिक खतं-औषधं टाळून रेशीमशेती केली, त्याबद्दल 1996 मध्ये त्यांना रोलेक्सचा पुरस्कार मिळाला. म्हणजे तंबू ठोकल्यापासून पंधराहून जास्त वर्षांनी. फौजेतले मित्र कॅप्टन सॅम्युएल यांच्याबरोबर हेलिकॉप्टरची कंपनी काढली ती त्यानंतर, 1997 मध्ये. आणि 2003 मध्ये एअर डेक्कन. हैदराबादहून विजयवाड्याला निघालेल्या उद्घाटनाच्या विमानाच्या इंजिनाने धावपट्टीवरच पेट घेतला, आत पुढारी आणि पाहुणे बसलेले. दुसरा कोणी तिथेच आवरून घरी गेला असता.

त्यांच्या विमानसेवेचं बोधचिन्ह आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता, धोतर-कोटातला. हुबळीसारख्या गावांना विमान, काही तिकिटं एक रुपयाला. तुझ्या मावशीने आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्यातच केला, सोबत भाकरीचं गाठोडं घेऊन. आमच्या पिढीला विमान म्हणजे आकाशातून जाणारी रेघ, हे तुला आता पटणार नाही.

पण पैसा पुरला नाही. 2006 मध्ये शेअर बाजारात उतरले, तेव्हा प्रतिसाद थंड होता. 2007 मध्ये विजय मल्ल्यांच्या गटाने 26 टक्के हिस्सा घेतला, नाव बदललं, रंग बदलला आणि कॉमन मॅन गेला. पुढे मल्ल्यांची किंगफिशर विमानसेवाच बंद पडली. गोपीनाथांनी 2009 मध्ये नागपूर केंद्र धरून मालवाहतुकीची डेक्कन 360 काढली, तीही 2011 मध्ये बंद झाली. 2017 मध्ये लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत पुन्हा एअर डेक्कन आणली, जळगाव-नाशिकला. कोरोनाच्या वर्षी तेही थांबलं.

आता राजकारण, कारण त्यासाठीच हे सगळं लिहितोय. 1994 मध्ये हासन जिल्ह्यातून भाजपकडून विधानसभेला उभे राहिले, हरले. 2009 मध्ये दक्षिण बंगळूरमधून अपक्ष लोकसभेला उभे राहिले, निवडून आले अनंतकुमार. 2014 मध्ये आम आदमी पक्षात गेले आणि त्याच वर्षी बाहेरही पडले. माणूस सच्चा, मुद्दे सच्चे. पण माळावर ते वर्षानुवर्षं राहिले तसे राजकारणात राहिले नाहीत, असं माझं मत आहे. आणि बघ ना, 2009 साली एकाच वर्षात निवडणूकही आणि मालवाहतुकीची कंपनीही. दोन्हीकडे जीव कसा पुरावा?

त्यामुळे तुला मुदतवाढ घे असं आता म्हणत नाही. ये. जमिनीवर जा. पण पंचायत समितीचं पहिल्या पाच वर्षांत नाव काढू नकोस. तिथली माणसं तुला मेजरसाहेब म्हणून मान देतील, हारही घालतील, पण कॅनॉलच्या पाळीवरून भांडण झालं की कोणाच्या बांधावर रात्री दोनला जाऊन उभं राहायचं, हे तुला अजून माहीत नाही. ते कळलं की लोकच तुला विचारतील. तेव्हा मी स्वतः तुझ्या प्रचाराला पायी फिरेन, गुडघे दुखले तरी.

पॅकिंग युनिटसाठी कर्ज काढायची घाई नको. आधी डाळिंब जगू दे. तेल्या रोगाने भल्याभल्यांच्या बागा गेल्या आहेत तिकडे. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे येतील, त्यातला निम्मा भाग सूनबाईच्या नावावर ठेव. त्याला हात लावायचा नाही. हे मी वडील म्हणून सांगतो आहे, सल्ला म्हणून नव्हे.

तुझी आई कालपासून बोलायला लागली. तिला सांगितलं, पोराला लिहितोय. म्हणाली, आजोबांची ती टोपी ट्रंकेत आहे, धुऊन ठेवते.

सातबाऱ्याचा नवा उतारा काढला आहे, वारसनोंद लागलेली आहे. मोजणीसाठी अर्ज केला आहे, तारीख मे महिन्यात मिळेल. तेव्हा रजा टाक. एसटी आता फाट्यापर्यंत जाते, पण आपण दीड तासाच्या जुन्या वाटेनेच चालत जाऊ.

तुझा,
बाबा