पाटा शाबूत आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "कंबर का धरलीय गं?" आणि मी म्हटलं, गादी मऊ आहे. ते खोटं होतं. गुरुवारी मी शिकतेय ते विमान उतरवताना जोरात आपटलं. मला काहीही झालेलं नाही, कंबरही आता मोकळी आहे. फोनवर सांगितलं असतं तर आईने मला पुढे बोलूच दिलं नसतं, म्हणून लिहितेय.

आधी इथला वारा समजून घ्या. न्यूझीलंडमधल्या कँटरबरीचं हे मैदान म्हणजे आपलं माण-खटाव, आणि पश्चिमेची सदर्न आल्प्सची रांग म्हणजे महाबळेश्वर. समुद्रावरून आलेला वारा सगळा पाऊस पलीकडेच रिता करतो आणि आमच्याकडे उतरतो तो कोरडा, गरम, पिसाळलेला. नॉर्वेस्टर म्हणतात त्याला. डोंगरावर ढगांची कमान दिसली की तो येणार. दुपारी येईल असा अंदाज होता म्हणून आम्ही सकाळीच निघालो. तो अकरालाच हजर.

आमचं शिकायचं छोटं विमान, सेस्ना 172, उतरवताना मी 65 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 120 किलोमीटर, वेग धरते. वारा 15 नॉट आणि झोत 25 चे, म्हणून मधल्या 10 चा निम्मा मिळवून 70 धरला. गणित बरोबर होतं. धावपट्टी दहा-पंधरा फुटांवर आली आणि झोत एकाएकी गेला. चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याला रेलून उभं राहावं आणि वाराच पडावा, तसं. काटा 58 वर, पोटात खड्डा, आणि धाड!

बाबा, याच्या मुख्य चाकांचे पाय स्प्रिंगच्या पोलादाचे असतात. एसटीच्या पाट्यासारखे वाकतात, पण त्यांना शॉकअब्सॉर्बर नाही. दाबले की उसळतात. पुढच्या चाकाला तेवढा आहे, तो नाजूक. उसळलं की पूर्ण थ्रॉटल देऊन परत वर जायचं, हे पहिल्या आठवड्यापासून घोकलंय. मी मात्र नाक खाली दाबलं. दुसरा दणका पुढच्या चाकावर बसला. तिसऱ्याच्या आत इन्स्ट्रक्टर बाईंचा आवाज आला, "आय हॅव कंट्रोल", आणि माझ्या हातावरून त्यांचा हात थ्रॉटलवर गेला. मग त्यांनीच वळसा घालून वाऱ्याला तोंड असलेल्या दुसऱ्या धावपट्टीवर विमान उतरवलं.

नंतर त्यांनी विचारलं, वर का गेली नाहीस? मी म्हटलं, घाबरले. तेही खोटंच. विमानाचं भाडं रिक्षासारखं मीटरवर चालतं. परत वर जायचं म्हणजे सहा-सात मिनिटं जास्त, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आईच्या पाटल्या होत्या. खरंच सांगते. गेले तीन महिने मी प्रत्येक मिनिटाचा रुपयांत हिशोब करतेय आणि मीटर वाढू नये म्हणून वाकडं-तिकडं उतरतेय. हे मी शुक्रवारी बाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

विमान दोन दिवस हँगरमध्ये होतं. मेकॅनिक बॅटरी घेऊन पोटाखाली आडवा झाला, रिव्हेटांच्या ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवत गेला. इंजिनमागच्या पत्र्याला सुरकुती पडलीय का, हे तो तीनदा बघून आला. नाही पडली. पुढच्या शॉकअब्सॉर्बरचं सील गेलं आणि टायर बदलला. पंखा जमिनीला टेकला असता तर अख्खं इंजिन उघडावं लागलं असतं. बाबा, पाटा शाबूत आहे, तुम्ही तेच आधी विचाराल.

उद्यापासून बाई मला फक्त गो-अराउंड, म्हणजे उतरता उतरता परत वर जाणं, करायला लावणार आहेत, उतरायचंच नाही. ठरल्यापेक्षा तीन-चार तास जास्त लागतील. आकडा फोनवर सांगते, बाबा एकटे असताना. आजीने विचारलंच तर टायर बदलला एवढंच सांगा.

तुमची,
मनी