बंड्या, लसूण पुरे कर

सांगली, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२ आल्यापासून तू रोज उपाशीपोटी लसणाच्या चार पाकळ्या चावतोस, हे वहिनींकडून कळलं. त्यांची दया आली. लसणाने फरक पडतो, पण अगदी थोडा.

माझं दोन वर्षांपूर्वी १६८ होतं. बीपी-शुगर ठीक म्हणून डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने दिले. कामी आला इसबगोल! हो, ज्यावरून आपण तुझ्या आजोबांना हसायचो तोच. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तरस करतं. तो आतड्यात उतरतो आणि बराचसा परत शोषला जातो. इसबगोलाचा बुळबुळीत गोळा त्यातला काही धरून बाहेर नेतो. मग नवा पित्तरस करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. ओट्स आणि राजमाही हेच काम करतात. मी रोज दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळून लगेच पितो, ठेवलं की त्याची खळ होते. बाकीच्या गोळ्यांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेव.

इसबगोलासोबत जवसाची चटणी. जवस कुटलेलंच हवं, अख्खं जसंच्या तसं बाहेर पडतं. तांबड्या रश्श्यातलं सुकं खोबरं निम्मं केलं. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं रे, पण संपृक्त चरबी भरपूर असते आणि ती एलडीएल वाढवते. (तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून खूश होऊ नकोस, शेंगदाण्याच्या तेलात ते कधी नव्हतंच.) बेकरीची खारी सोडताना मात्र जीव तुटला.

गुग्गुळाचं विचारलंस. लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलं, आपल्याकडे गोळ्याही निघाल्या. पण २००३ साली अमेरिकेत छापून आलेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरायचं सोडून थोडं चढलंच, काहींच्या अंगावर पुरळही उठलं. मी नाही घेतला.

आणि तो ऑनलाइन मागवलेला ‘लाल यीस्ट तांदूळ’ आधी परत कर. त्यात मोनाकोलिन के असतं, म्हणजेच लोवास्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्टॅटिन गोळ्यांपैकीच एक. गोळी नको म्हणून तू गोळीच खातोयस, तीही डब्यागणिक किती ते माहीत नसताना! स्टॅटिनला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडतोस, पण पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडोंनी १९७३ च्या सुमारास बुरशीतच शोधलं. तुझ्या भाषेत तेही नैसर्गिकच की.

तीन महिन्यांनी माझं १४१ आलं, डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. पण माझं बघून तू थांबू नकोस. तुझ्या अण्णांना सेहेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला होता, आणि तू अजून दुकानामागे जाऊन सिगरेट ओढतोस. तुला डॉक्टरांनी थेट गोळी दिली ती उगाच नाही. ती सुरू कर. इसबगोल, चटणी तिच्या जोडीला असू दे, तिच्या जागी नको. अंग फार दुखलं तर परस्पर बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग.

गुरुवारी येतोय. चटणी आणतो. वहिनींना सांग, खारी माझ्या नजरेआड ठेवा.

तुझाच,
दिल्या