एका निवृत्त सुभेदार साहेबांना जाहीर आभार पत्र

आदरणीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

माझ्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची थकबाकी गेल्या महिन्यात बँकेत जमा झाली आणि सुधारित पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याचा आदेशही हाती आला. सौभाग्यवतींनी ही बातमी आपल्याला फोनवर सांगितली, तेव्हा "पीपीओवरची टक्केवारी नीट तपासून घ्या" एवढेच बोलून आपण विषय संपवला. आभार मानू लागलो की आपण बोलणे दुसरीकडे वळवता, हे ठाऊक असल्यामुळे, आणि आपले नाव कुठेही येऊ नये ही आपली अट पाळून, हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या तालुक्यात घरटी एक फौजी सापडेल, आणि नकाराचे पत्र आल्यावर ज्यांनी सगळे कागद ट्रंकेत टाकून दिले अशांची संख्याही कमी नाही. त्यांनी हे वाचावे, असाही हेतू आहे.

मी 1993 मध्ये भरती झालो, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात प्रशिक्षण घेतले आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर 2017 मध्ये हवालदार म्हणून घरी आलो. तोफेच्या तुकडीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांचे काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. 1999 च्या उन्हाळ्यात द्रासच्या परिसरात बोफोर्स तोफा दिवसरात्र चालत होत्या, तेव्हा कानात कापसाचे बोळे कोंबून आम्ही गोळे भरत होतो, आणि रात्री शेजारचा जवान काय म्हणतो आहे हे त्याच्या ओठांवरून ओळखावे लागत होते. पुढे वार्षिक तपासणीत दोन्ही कानांची श्रवणशक्ती घटल्याचे नोंदले गेले आणि माझी वैद्यकीय श्रेणी खाली आली. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व 20 टक्के आणि आजन्म असे ठरवले, मात्र त्याखाली एका ओळीत लिहिले, की हा विकार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या एका ओळीवर माझा दावा फेटाळला गेला.

त्यानंतरच्या काळाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ज्यांनी तो भोगला आहे त्यांना तो ठाऊक आहे. अर्ज द्यावा, महिनोन्महिने वाट पाहावी आणि 'आपले प्रकरण विचाराधीन आहे' असे उत्तर यावे. पुन्हा विचारणा करावी, तर आधीच पाठवलेला कागद नव्याने साक्षांकित करून मागवला जावा. चौकशीसाठी जो फोन क्रमांक दिला होता, त्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकून बटणे दाबावी लागत. ऐकू येत नाही म्हणून दावा करणाऱ्या माणसाला ऐकून बटणे दाबायला सांगणारी व्यवस्था कोणी आखली असेल, याचे मला आजही नवल वाटते. ते काम सौभाग्यवती करत, आणि पलीकडून "स्वतः पेन्शनरला बोलू द्या" असे सांगितले जाई. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याशी कोणीही उद्धटपणे वागले नाही. प्रत्येक टेबलावर सभ्य माणूस होता. फक्त निर्णय घेण्याचे काम नेहमी पुढच्या टेबलाचे होते.

अशा मनःस्थितीत आपल्याकडे आलो, तेव्हा आपण माझी कैफियत फारशी ऐकून घेतली नाही. आपल्याला कागद हवे होते. नोकरीभर फौजेतल्या कागदपत्रांतच हयात गेल्यामुळे असेल, पण डिस्चार्ज बुक, वार्षिक तपासणीच्या नोंदी आणि नकाराचे पत्र समोर ठेवताच आपण विचारले, "बोर्डाची कार्यवाही कुठे आहे?" मेडिकल बोर्डाच्या तपासणीचा तो लेखी अहवाल मला कधी मिळालाच नव्हता. आपण माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून दिला, त्यात कोणता नमुना आणि कोणते भाग हवेत हे नेमकेपणाने नमूद केले, आणि त्यासोबत भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रतही मागायला लावली. ही दुसरी मागणी मला अनावश्यक वाटली होती. कागद आले, तेव्हा आपण पहिल्यांदा तेच पान उघडले आणि कानांच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. दोन्ही कानांपुढे 610 हा आकडा होता. म्हणजे भरतीच्या दिवशी मला 610 सेंटिमीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने स्वतंत्रपणे ऐकू येत होती, आणि हे सैन्याच्याच डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. माझा अर्धा खटला त्या आकड्यात होता.

मला मोठ्याने सांगितले तरी निम्मे शब्द हुकतात, हे लक्षात घेऊन आपण पुढचा प्रत्येक मुद्दा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहून समजावला. ती पाने मी जपून ठेवली आहेत. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये काय म्हटले, ते मला त्या पानांवरून कळले. भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरले पाहिजे. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला घरी पाठवले, तर ती प्रकृती सेवेतच बिघडली असे मानले पाहिजे. आणि मंडळाला तसे वाटत नसेल, तर त्याने कारणे दिली पाहिजेत. सिद्ध करण्याचा बोजा जवानावर नाही. धरमवीर सिंग या सिग्नल्समधल्या (सैन्याच्या संदेशवहन दलातल्या) शिपायाला 1994 मध्ये फिटांच्या आजारामुळे घरी पाठवले होते आणि त्याला न्याय मिळाला तो 2013 मध्ये. माझी पूर्ण 24 वर्षे झाली होती, मला मुदतीआधी काढलेले नव्हते, ही माझी शंकाही आपण त्याच पानावर मिटवली, कारण राम अवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने टक्केवारी वाढवून धरण्याचा लाभ सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांनाही दिला होता. 50 पेक्षा कमी टक्के अपंगत्व असेल तर ते 50 धरायचे, हा नियम 31 जानेवारी 2001 च्या पत्रापासून चालत आलेला आहे. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम मिळते, या हिशेबाने 20 टक्क्यांना 6 आणि 50 टक्क्यांना 15 टक्के, हा फरकही आपणच मांडून दाखवला.

पहिले अपील जुन्याच ओळीची नक्कल करून फेटाळले गेले, तेव्हा मी थकलो होतो. "आता पुरे" असे मी म्हणालो आणि आपण रागावला. आपला राग कोणत्या कारणासाठी होता ते नंतर उमगले. 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा दाद मागणाऱ्याला थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे कार्यालयाने घालवलेला वेळ आणि आम्ही कंटाळून घालवलेला वेळ, दोन्ही आमच्याच खिशातून जातात. आपण मुंबईच्या वकिलांना स्वतः पत्र लिहिले, सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाखल करायच्या कागदांची क्रमवार यादी करून दिली, आणि निकाल आपल्या बाजूने लागल्यावरही स्वस्थ बसला नाहीत. आदेश निघाला म्हणजे पैसे आले असे नसते, अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हे आपल्याला आधीच माहीत होते. तो अर्ज आपण निकालाच्याच आठवड्यात तयार ठेवला होता.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहिली, ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांत सरकारने जवानांविरुद्ध अपिले करत राहू नये, असे सुचवले होते. नियम आहेत, निकाल आहेत, शिफारशीही आहेत. तरीही तेच भांडण प्रत्येक जवानाला स्वतंत्रपणे लढावे लागते. खोटे दावे होत असतील तर ते जरूर तपासावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तपासणी म्हणजे भरतीच्या वेळचे पान उघडून पाहणे, आणि ते पान उघडायला एका निवृत्त सुभेदाराने स्वतःच्या खर्चाने टंकलेखन करावे लागावे, हे सरकारला शोभत नाही. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत, त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू आहेत. त्यांची गाठ कोणाशी पडते ते काळ ठरवील, परंतु त्यांनीही आपली कागदपत्रे आत्तापासून जमवून ठेवावीत, असे आपलेच म्हणणे मी येथे नोंदवतो.

वहिनींचेही मी मनापासून आभार मानतो. रविवारी सकाळी ओट्यावर आमच्यासारख्यांची रांग लागायची, आणि चहाच्या पातेल्यात किती जणांचा अंदाज धरायचा हे त्यांना कधीच आधी कळायचे नाही. आमच्या शेजारच्या गावातील एका जवानाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद मी आपल्या सांगण्याप्रमाणे लावून ठेवले आहेत. ते घेऊन येत्या रविवारी आम्ही दोघे येतो. झेरॉक्स, टपाल आणि टंकलेखनाच्या खर्चाचा हिशेब मागूनही आपण दिलेला नाही. तो लिहून ठेवावा, अन्यथा वहिनींकडून घेईन.

आपला कृतज्ञ,
एक माजी हवालदार, तोफखाना
सातारा जिल्हा