ओत्सुचीचा फोन ही संस्कृती आणि ओंकारेश्वरचा कावळा अंधश्रद्धा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत शाळेतल्या लघुपट उपक्रमाचं तुम्ही अर्ध पान भरून कौतुक केलंत. शाळेचं नाव तुम्ही छापलंच आहे, मी ते पुन्हा लिहीत नाही. त्याच वर्गात माझी नात आहे. तुमच्या बातमीदारानं मुलांच्या वह्या उघडून पाहिल्या असत्या, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

लघुपटाबद्दल माझी काही तक्रार नाही. नातीनं मला तो घरी दाखवला. जपानमधलं ओत्सुची, ११ मार्च २०११ ची त्सुनामी, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या बागेतला तो पांढरा टेलिफोन बूथ. आतल्या फोनला तारच जोडलेली नाही. इतारू सासाकी या गृहस्थांनी तो २०१० मध्ये आपल्या वारलेल्या चुलतभावाशी बोलता यावं म्हणून उभारला होता. त्सुनामीनंतर लांबलांबची माणसं तिथे येऊन आपल्या गेलेल्या माणसांशी बोलायला लागली. त्या त्सुनामीतली अडीच हजारांच्या आसपास माणसं अजूनही बेपत्ता म्हणूनच नोंदलेली आहेत. सातवीतल्या मुलांनी हे जरूर पाहावं. मी तर म्हणते, पालकांनाही शेजारी बसवावं.

माझी चीड आहे ती नंतर वाटलेल्या वर्कशीटबद्दल. पहिला प्रश्न, शोकाचे पाच टप्पे क्रमाने लिहा. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते स्वतःचा मृत्यू जवळ आलेल्या रुग्णांशी बोलून. आजोबा गमावलेल्या मुलीनं त्याच क्रमानं दुःख करावं, असा त्याचा अर्थ नव्हे. पण तेही एक वेळ सोडून देते. पुढचा प्रश्न असा होता: तुमच्या घरातली कोणती परंपरा दुःख हलकं करते? नातीनं तिच्या आजोबांच्या दहाव्याबद्दल लिहिलं. त्यावर लाल शाईत शेरा आला, ‘ही अंधश्रद्धा आहे. योग्य उदाहरण द्या.’ गुण शून्य.

तिनं काय लिहिलं होतं ते सांगते. इथल्या नदीकाठच्या ओंकारेश्वरला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येत नव्हता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलानं दोन-तीन गोष्टी कबूल केल्या, उपयोग झाला नाही. शेवटी माझे धाकटे दीर पुढे झाले. गोखलेनगरची आमची जागा बिल्डरला द्यायची की नाही, यावरून दोघा भावांत बोलणं बंद पडलं होतं. दिरांनी हात जोडले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, ‘दादा, वहिनीला विचारल्याशिवाय मी कुठे सही करणार नाही.’ थोड्या वेळानं कावळा शिवला.

कावळ्यात माझ्या यजमानांचा आत्मा आला होता, असा माझा दावा नाही. भूक लागली की कावळा खाली येतो, हे मलाही कळतं. पण घरात कुणाच्या तोंडून निघत नव्हतं ते त्या घाटावर दहा माणसांसमोर बोललं गेलं, आणि दिरांनी ते आजवर पाळलं आहे. नातीनं नेमकं हेच लिहिलं होतं, ‘त्या दिवशी काका पहिल्यांदा रडले आणि मग आम्ही सगळे एकत्र जेवलो.’ तार नसलेल्या फोनवर बोलणाऱ्या जपानी माणसालाही पलीकडे कुणी नाही हे ठाऊक असतं. तरी तो बोलतो, आणि ते पाहून वर्गात मुलांचे डोळे भरून येतात. मग आमचं बोलणं लाल शाईनं का खोडायचं? ऑगस्टमध्ये जपानात ओबोनच्या सणाला पूर्वजांसाठी पाण्यात दिवे सोडतात, त्याला त्याच वर्कशीटवर ‘सुंदर परंपरा’ म्हटलं आहे. ती सुंदर आहेच. पण पितृपक्षात आमच्या गच्चीवर ठेवलेलं पान मुलांनी शाळेत सांगायला लाजावं, हे शिक्षण मला पटत नाही.

पुढचा प्रश्न आपत्तीवर होता. तिथे नातीनं १२ जुलै १९६१ लिहिलं. पानशेत. तिच्या आजोबांचं बालपण शनिवार पेठेत नदीलगतच्या वाड्यात गेलं. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं गेलं, आणि पाणी पेठांमध्ये शिरलं. लकडी पूल बुडाला. माझ्या आजेसासूबाई देव्हाऱ्यातले देव आणायला परत आत गेल्या त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. देह मिळाला नाही, म्हणून घरच्यांनी पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी दिला. पुढे पूरग्रस्त म्हणून गोखलेनगरला जागा मिळाली, तीच ही जागा. आजोबांनी हे सगळं नातीला अनेकदा सांगितलं होतं. ज्यांची माणसं समुद्रानं परत दिली नाहीत त्यांच्यावरचा लघुपट पाहून एका मुलीला आपली पणजीची सासू आठवते, याहून जास्त त्या तासातून काय मिळायला हवं होतं? शेरा होता, ‘चित्रपटातील प्रसंगावरच लिहा.’

बाईंवर माझा राग नाही. त्या नव्या आहेत, मेहनती आहेत, आणि उत्तरंसुद्धा बाहेरूनच छापून आली असणार. माझा आग्रह एवढाच की असा लघुपट दाखवायचा तर नंतरचा तास मोकळा ठेवा आणि गुण देऊ नका. ज्या मुलाच्या घरात माणूस गेलं आहे त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर खिडकीतून बाहेर बघू द्या. १२ जुलैला गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगरमधल्या पूर पाहिलेल्या कुणालाही बोलवा. ती माणसं आता थोडीच उरली आहेत आणि विचारलं तर तासन् तास सांगतात. माळीण तर आपल्याच जिल्ह्यातलं. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली, त्या वेळी नातीच्या वर्गातली मुलं पाळण्यात होती किंवा जन्मायची होती. त्यांना हे कुणी सांगायचं?

जाता जाता आणखी एक. तुमच्या अंकातल्या निधनवार्तांचा टाइप इतका बारीक झाला आहे की माझ्या वयाच्या वाचकांना भिंग घेऊन बसावं लागतं, आणि जाहिरात जास्त आली की ते सदर दोन-दोन दिवस गायब असतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची बातमी मला तिचा तेरावा उलटून गेल्यावर दुसरीकडून कळली. तिच्या घरी मी वेळेवर जाऊ शकले नाही, हे मला फार लागलं आहे. लघुपटाच्या कौतुकाला अर्ध पान मिळतं, तर या सदराला रोज एक रकाना आणि वाचता येईल असा टाइप द्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गोखलेनगर, पुणे
(नाव छापू नये, नातीला त्याच शाळेत जायचं आहे.)