पोट दिसत नाही, म्हणून सीट नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी लोकलने दादरला निघाले होते. ठाण्याला डब्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. पंचविशीतली एक मुलगी पहिल्या बाकाशी उभी होती. तिने बसलेल्या बाईला हळूच विचारलं, "मला जरा बसू द्याल का? मी प्रेग्नंट आहे." त्या बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "दिसत तर नाही." त्या मुलीने पर्समधून सोनोग्राफीचा कागद काढला. चालत्या गाडीत, एका हाताने वरची कडी धरून, ती तो कागद उलगडत होती. मी पलीकडच्या खिडकीशी होते. हाक मारून तिला बोलावलं, पण मधल्या गर्दीतून तिला येता येईना. कुर्ल्यापर्यंत ती उभीच होती.

मी एकतीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी महिलांच्या सेकंड क्लासमधून नोकरीला गेले. आमच्या डब्यातली सीटची पद्धत बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण तिच्यात न्याय आहे. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती घाटकोपर म्हणाली की घाटकोपरनंतर ती सीट आपली. आधी कुणी विचारलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं, आणि सहसा कुणी मोडत नाही. तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तिच्यासाठीही सरकतात. ह्या पद्धतीवर आम्ही हजारो बायकांनी नोकऱ्या केल्या, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण ह्या हिशेबात एकच गोष्ट मोजली जाते, आधी कुणी विचारलं. कुणाला उभं राहवत नाही, हे त्यात येतच नाही.

हे मला शहाणपण म्हणून सांगायचं नाही. 2003 साली अशाच एका मुलीने मला विचारलं होतं, "ताई, बसू का थोडी? बरं वाटत नाहीये." मी म्हणाले, "बरं कुणाला वाटतंय? मीही दोन डबे करून आलेय." मुलुंड गेल्यावर ती दाराजवळ खाली बसली आणि पिशवीत ओकली. तिसरा महिना होता. तिचा निळा पंजाबी ड्रेस आणि ओढणीने तोंड पुसणं मला अजून आठवतं. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपने एकीचं डोहाळजेवण डब्यातच केलं होतं. सातवा महिना, फुलांची वाडी, ओटी, पेढे, सगळं. पोट दिसत होतं म्हणून तिचं कौतुक झालं. मळमळ, चक्कर, गळून जाणं हे बहुतेकींना पहिल्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त होतं, आणि तेव्हा तर घरातल्यांनाही सांगितलेलं नसतं.

दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींना बसण्याची मुभा आहे, हे मला माहीत आहे. पण गर्दीच्या वेळी फलाटावर तो डबा गाठणं सोपं नाही, आणि पोट दिसेपर्यंत तिथेही नजरा झेलाव्या लागतात.

माझी मुलगी लंडनला असते. दुसऱ्या महिन्यापासून ती कोटावर "बेबी ऑन बोर्ड" असा बिल्ला लावून ट्यूब रेल्वेने ऑफिसला जायची. तिथे 2005 पासून हा बिल्ला फुकट देतात. जपानमध्येही 2006 पासून असं चिन्ह आहे. आपल्याकडे गर्भवतीची नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड हातात मिळतं. त्याच्याबरोबर असा एक साधा बिल्ला द्यायला काय हरकत आहे? रेल्वे, बेस्ट, एसटी, सगळीकडे चालेल असा, ठळक मराठीत. म्हणजे कुणाला चारचौघींत सोनोग्राफीचा कागद उलगडावा लागणार नाही. ज्यांना घरी सांगायचं नसेल त्या लावणार नाहीत, त्यांनी तोंडाने विचारलं तरी पुरे व्हावं.

हे पत्र वाचणाऱ्या डब्यातल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. एखादी म्हणाली, "मला बरं नाही," तर आधी तिला बसवा. कितवा महिना, कुठे उतरणार, हे ती बसल्यावर विचारा. त्या सीटसाठी आधी जिने विचारलंय तिला सांगा की तुझा नंबर नंतरचा. ती ऐकेल. आमच्या डब्यातल्या बायका ऐकतात, हे मी एकतीस वर्षं पाहिलंय.

आपली,
एक निवृत्त नोकरदार,
डोंबिवली (पूर्व)