फीडबॅक घ्यायचाच असेल तर धडा चालू असताना घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात हल्ली जिल्ह्यातल्या शाळा डिजिटल झाल्याच्या बातम्या सारख्या येतायत. नव्या डिजिटल पॅनेलला, म्हणजे टचस्क्रीनच्या फळ्याला, हार घातलेला असतो, बाजूला पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी, पोरं मागच्या रांगेत. पॅनेल यावं, माझा काही विरोध नाही, पण त्यातून सगळं पोरांकडे जातंय, पोरांकडून मास्तरकडे काय येतंय ह्याची एक ओळ त्या बातमीत कधी सापडली नाही. मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि माझं म्हणणं एवढंच आहे की टेक्नॉलॉजी वर्गात आणायचीच असेल तर आधी पोरांना काय कळलं ते बघायला आणा, आणि ते पण धडा चालू असताना, वर्ष संपल्यावर नव्हे.

आपल्याकडची रीत काय, तर फळ्यावर सगळं लिहून झालं की मास्तर वळून विचारतो "समजलं का?" आणि वर्ग एका सुरात म्हणतो "व्हय सर". कुणाला कळलेलं नसतं तो पण म्हणतो, कारण नाही म्हटलं की सगळा वर्ग मागं वळून बघतो, आणि एवढं करून मास्तर परत तेच, त्याच शब्दांत, फक्त जरा मोठ्या आवाजात सांगणार हे पोरांना पाठ असतं.

दहावीच्या विज्ञान भाग 1 मधे पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मी विचारलं, चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, त्या क्षणाला त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलायचा दर, किती? तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरच्या दोघांनी उत्तर दिलं असतं आणि मी पुढं गेलो असतो. पण त्या दिवशी पोरांच्या हातात प्लिकर्सची कार्डं होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे साधं कागदी कार्ड असतं, त्यावर क्यूआर कोडसारखं काळं चौकोनी चित्र, प्रत्येकाचं वेगळं, आणि चार बाजूंना ए बी सी डी अगदी बारीक अक्षरात. जे उत्तर वाटतंय ती बाजू वर करून कार्ड धरायचं, मास्तरनं आपला मोबाईल डावीकडून उजवीकडे फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. पोरांना मोबाईल लागत नाही, आणि शेजारच्याचं कार्ड बघून कॉपी पण मारता येत नाही कारण चित्रच वेगळं.

तर निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर आलं, त्वरण शून्य. आदल्याच तासाला ह्याच वर्गानं "व्हय सर" म्हटलेलं! मी बरोबर उत्तर सांगितलं नाही, शेजाऱ्याशी बोला म्हटलं, मग जो काय गोंधळ झाला विचारू नका, शेजारच्या वर्गातले सर बघून गेले. पण त्या गोंधळात एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "अगं वर थांबला आणि त्वरण पण शून्य झालं तर खाली कशाला येईल त्यो? तिथंच लटकून बसंल की!" हे मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. परत कार्डं वर केली तेव्हा चित्र पालटलेलं होतं, बहुतेकांनी 9.8, खालच्या दिशेनं, हेच धरलेलं.

ही आयडिया काही माझी नाही. हार्वर्डमधे एरिक मॅझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांच्या शिकवण्याबद्दल पोरांकडून फॉर्मवर फीडबॅक उत्तम यायचा, परीक्षेतली गणितं पण पोरं पटापट सोडवायची, पण 1990 च्या सुमारास त्यांनी बलाविषयीच्या अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची चाचणी घेतली तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू का मला वाटतं तशी? आणि निकाल लागला तो मास्तरची झोप उडवणारा. तिथून त्यांनी प्रश्न विचारा, मत घ्या, पोरांना आपसात बोलू द्या, परत मत घ्या ही पद्धत काढली. साधारण हिशोब असा की बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या खाली असतील तर परत शिकवा, 70 च्या वर असतील तर पुढं चला, मधे असतील तर बोलू द्या. म्हणजे बघा, फॉर्मवर पाचपैकी पाच मिळवणाऱ्या मास्तरच्या वर्गात पण पोरांना कळलेलं नसू शकतं.

आणि ह्यात यंत्राचं फार कौतुक करायची पण गरज नाही. कॅनडात एका कॉलेजात ह्याच पद्धतीनं शिकवताना एका वर्गाला क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायची छोटी यंत्रं, दिले, दुसऱ्याला साधी पुठ्ठ्याची कार्डं, 2008 साली ते छापून आलं, शिकण्यात काही फरक पडला नव्हता. क्लिकरचा फायदा मास्तरला, त्याला आकडा लगेच मिळतो आणि साठवता येतो. कहूट सारखी प्रश्नमंजुषेची ॲपं पण छान आहेत, पोरं खूश होतात, पण त्यात प्रत्येकाला मोबाईल नाहीतर कॉम्प्युटर लागतो आणि लवकर दाबेल त्याला जास्त पॉईंट, त्यामुळं विचार करणारं पोरगं मागं पडतं आणि ठोकून देणारं पुढं, हे मला फारसं पटत नाही.

अडचणी आहेत, नाही कशाला म्हणू. कार्डं चकचकीत कागदावर छापली किंवा लॅमिनेशन केलं की खिडकीच्या उजेडानं कॅमेऱ्याला दिसत नाहीत. पोरं चित्रावरच बोटं ठेवतात. नेट मास्तरच्या स्वतःच्या रिचार्जचं. गगनबावडा राधानगरीकडच्या शाळांत पावसाळ्यात रेंजची काय अवस्था असते ते तिकडच्या शिक्षकांना विचारा.

आता दुसरी बाजू, कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मची. माझी पुतणी शहरातल्या एका कॉलेजात शिकते, नाव लिहीत नाही. तिथं सेमिस्टरच्या शेवटी लिंक येते, आधी नाव आणि पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी नंबर टाका, मग सरांना एक ते पाच मार्क द्या. वर सूचना, फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीट नाही. आणि भरायचा कुठं, तर लॅबमधे, ज्यांना मार्क द्यायचे तेच सर मागं उभे! काय होणार, सगळ्यांनी सगळ्याला पाच दाबले आणि कँटीनला गेल्या. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 20 पर्यायी प्रश्न असतात आणि 21 वा मोकळा, सुधारणेसाठी तीन सूचना लिहा म्हणून. खरा माल त्या मोकळ्या प्रश्नातच असतो, पण अशा फॉर्मची सवय लागलेली पोरं तिथं "ऑल गुड" ह्यापलीकडं काय लिहिणार?

म्हणून मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत. काय कळलं हे विचारताना नाव मास्तरला दिसलं तर चालेल, उलट दिसलंच पाहिजे, नाहीतर मदत कुणाला करणार, फक्त ते बाकीच्या वर्गाला दिसू नये. पण मास्तर कसा शिकवतो हे विचारताना नाव नंबर काही नको. गूगल फॉर्ममधे ईमेल गोळा करायची सेटिंग बंद ठेवता येते, एकाला एकच उत्तर अशी अट घातली की लॉगिन करावं लागतं पण तरी ईमेल फॉर्मवाल्याला दिसत नाही. हे पोरांना सेटिंग उघडून दाखवा, नुसतं सांगून त्यांचा विश्वास बसत नाही आणि का बसावा? शाळांत तक्रारपेटी असते, तीसुद्धा बऱ्याच ठिकाणी हेडमास्तरांच्या केबिनच्या दारालाच लावलेली असते, त्यात चिठ्ठी कोण टाकणार!

माझ्या शिक्षक मित्रांना भीती वाटते की उद्या हेच आकडे घेऊन कुणीतरी आपली इन्क्रिमेंट अडवेल, कडक मास्तरला पोरं मुद्दाम एक मार्क देतील. भीती खोटी नाही. तेव्हा वर्गातला हा आकडा वर्गातच राहू दे, त्याचा तक्ता करून वर पाठवायला लावू नका, आधीच आम्ही रोज कुठली ना कुठली लिंक भरतोच आहे.

फार खर्च नाही ह्याला. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रक वाचनातला अर्धा तास काढून एखाद्या शिक्षकाला हे करून दाखवायला द्यावा, डाएटनं, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेनं, विषयवार चांगले चुकवणारे प्रश्न काढून द्यावेत, कारण कार्ड कुणीही छापेल, खरी मेहनत प्रश्न काढण्यात आहे. आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या वेळी पॅनेलच्या उद्घाटनाला गेलात की मागच्या रांगेतल्या दोन-चार पोरांना बाजूला घेऊन विचारा, तुम्हाला कळलं नाही तर तुमच्या सरांना ते समजतं का, आणि समजल्यावर सर दुसऱ्या दिवशी काय वेगळं करतात. ते छापा.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. करवीर, जि. कोल्हापूर